भिंती शाबूत, वाट बंद

पणजीत कांपालच्या रस्त्यावरून कला अकादमीकडे पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत फारसं काही दिसत नाही. उंच कळस नाही, भव्य दरवाजा नाही, समोर उभं राहून फोटो काढावा अशी दर्शनी बाजूही नाही. झाडांच्या सावलीत एक बसकी, लांबट इमारत आहे आणि काँक्रीटच्या पट्ट्यांचं, मधून आकाश दिसणारं छत रस्त्याच्या बाजूला पुढे आलेलं आहे. त्या छताखाली आपण शिरतो. आत आलो की अजून बाहेरच आहोत, हे नेमकं ठरत नाही. रुंद पायऱ्या आहेत, बसायला कट्टे आहेत, एका बाजूला नाट्यगृहाची दारं आहेत, आणि सरळ चालत राहिलं तर इमारत संपते आणि मांडवी लागते. रस्त्यापासून नदीपर्यंतच्या या वाटेवर मूळ रचनेत एकही दार नव्हतं. तिकीट काढून नाटकाला आलेला प्रेक्षक, तबल्याच्या वर्गाला निघालेला मुलगा आणि नुसता वारा खायला आलेला पणजीकर एकाच छताखालून चालत जावेत, अशी ती योजना होती.

चार्ल्स कोरिया यांनी ही इमारत १९७३ ते १९८३ या दशकात घडवली. देशातल्या आधुनिक वास्तुरचनेचा विचार त्यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. १९३० मध्ये सिकंदराबादला जन्म, घराण्याचं मूळ गोव्यात, शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुढे अमेरिकेत मिशिगन व एमआयटीत. १९५८ पासून मुंबईत व्यवसाय आणि २०१५ मध्ये मुंबईतच मृत्यू. पद्मविभूषण, ब्रिटनच्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेचं सुवर्णपदक, जपानचं प्रीमियम इम्पिरियाले, सगळं त्यांना मिळालं. पण इथे मला त्यांचं चरित्र सांगायचं नाही. त्यांच्या सार्वजनिक इमारती आज कुणाला, कधी आणि किती मोकळेपणाने पाहता येतात, हा या लेखाचा प्रश्न आहे. एरवी हा प्रश्न पर्यटन खात्याचा वाटेल. कोरियांच्या बाबतीत तो वास्तुरचनेचाच प्रश्न आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या इमारतींचा गाभा चालण्याच्या वाटेत आणि त्या वाटेवरच्या उघड्या आकाशात आहे. वाट अडवली, चौकावर पत्रे घातले, चारपैकी तीन दारांना कुलूप लावलं, की भिंती जागच्या जागी राहतात आणि इमारत मात्र गेलेली असते.

हे पहिल्यांदा स्वच्छ कळतं ते अहमदाबादला. साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय हे कोरियांचं सुरुवातीचं मोठं काम. ते हाती आलं तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. गांधीजींच्या नावाने उभारायची राष्ट्रीय वास्तू म्हटल्यावर त्या काळात संगमरवर, घुमट आणि खांबांची रांग यांचा मोह सहज पडला असता. कोरियांनी सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद असा एक साधा चौरस घेतला आणि तोच पुन्हा पुन्हा मांडत गेले. विटांचे जाड खांब, दगडी फरशी, लाकडी दारं, वर कौलं. शेजारच्या हृदयकुंजात, म्हणजे गांधीजींच्या राहत्या घरात, जे सामान आहे तेच. नवं म्हणावं असं एकच, खांबांवरून जाणारी काँक्रीटची पन्हळी. ती छपराचा भार तोलते आणि पावसाचं पाणीही वाहून नेते. एकाच वस्तूकडून तुळई आणि पन्हळ अशी दोन्ही कामं करून घेणं, हा काटकसरीचा विचार गांधीजींच्या जागी किती शोभून दिसतो!

त्या चौरसांपैकी काही भिंतींनी बंदिस्त आहेत आणि त्यांत पत्रं, छायाचित्रं, कागदपत्रं आहेत. काही नुसतेच खांबांवर उभे आहेत. काहींवर छप्परच नाही. मध्ये पाण्याचा चौक आहे. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी झडपा आहेत. त्यामुळे उन्हाळ्याच्या दुपारी तिथे यंत्राचा आवाज येत नाही, पोपटांचा येतो. चालणाऱ्याला कुठेही ‘इकडून जा’ असा बाण नको असतो. एका खोलीतून निघालं की समोर उजेडाचा तुकडा दिसतो, तिकडे पाय वळतात, तिथून पाणी दिसतं, पाण्यापलीकडे पुन्हा सावली. पत्र वाचून झालं की माणूस लगेच पुढच्या पत्राकडे जात नाही. मध्ये एक रिकामा, हवेशीर चौरस त्याला थांबवतो. संग्रहालयात वाचलेलं डोक्यात मुरायला अशी रिकामी जागा लागते आणि ती कोरियांनी मोजूनमापून दिली आहे. हे छायाचित्रात येत नाही. छायाचित्रात विटा येतात, कौलं येतात. थांबणं येत नाही.

म्हणून कोरिया पाहायला जावं लागतं. पुस्तकातून किंवा पडद्यावरून त्यांची ओळख होते, अनुभव येत नाही. ल कॉर्ब्युझिएंच्या चंदीगडच्या विधानसभेचं एक चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. लुई कान यांच्या अहमदाबादच्या आयआयएमच्या विटांच्या भल्यामोठ्या वर्तुळांचंही राहतं. कोरियांच्या इमारतीचं असं एक चित्र काढून दाखवा म्हटलं तर कठीण जातं. भोपाळच्या भारत भवनाचं तर जवळपास अशक्य आहे, कारण ती इमारत जमिनीच्या वर फारशी येतच नाही.

१३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते भारत भवन सुरू झालं. बड्या तलावाच्या काठावरचा टेकडीचा उतार ही त्याची जागा. आपण वरच्या रस्त्यावरून आत येतो आणि पायऱ्यांनी खाली उतरत जातो. पायाखाली हिरवळीच्या गच्च्या आहेत, त्या गच्च्यांच्या पोटात कलादालनं, रंगमंच आणि कवितेचं ग्रंथालय आहे. प्रत्येक टप्प्यावर एक खोलगट चौक, त्या चौकातून दालनांत शिरायचं. सगळं उतरून खाली गेलं की खुलं प्रेक्षागृह आणि त्यामागे तलाव. देवळाकडे चढून जायची आपल्याला सवय, इथे कलेकडे उतरून जायचं. रस्त्यावरच्या माणसाला समोर भव्य काही दिसत नसल्यामुळे त्याचं दडपण येत नाही. कलादालनाच्या दारात संकोचून परत फिरणारे लोक आपल्या देशात खूप आहेत. त्यांना भारत भवन आधी बाग म्हणून भेटतं आणि बागेत फिरता फिरता ते चित्रांपर्यंत पोचतात.

आणि चित्रं कुणाची? जगदीश स्वामिनाथन यांनी तिथल्या ‘रूपंकर’ संग्रहालयात शहरी चित्रकारांच्या शेजारी आदिवासी कलावंतांना मानाने जागा दिली. पाटणगढचे जनगढ सिंह श्याम याच भवनाच्या आधाराने चित्रकार म्हणून जगापुढे आले. बा. व. कारंतांचं रंगमंडळ इथेच उभं राहिलं. या सगळ्याला वास्तूची साथ होती. ज्या इमारतीला थोर दर्शनी बाजू नाही, तिच्यात थोर आणि किरकोळ अशी उतरंड लावणंही अवघड जातं. हा माझा तर्क थोडा ताणलेला वाटेल, पण त्या उतारावर एखादी संध्याकाळ घालवलेल्या माणसाला तो ताणलेला वाटणार नाही.

जयपूरच्या जवाहर कला केंद्राविषयी मला इतकं प्रेम वाटत नाही. जयपूर शहर १७२७ मध्ये नऊ चौकोनांच्या आखणीवर वसवलं गेलं आणि डोंगर आडवा आल्यामुळे त्यातला एक चौकोन सरकवावा लागला. कोरियांनी तीच आखणी घेतली. तीस मीटरचे नऊ चौकोन, एक सरकवलेला, त्या फटीतून प्रवेश, प्रत्येक चौकोन एकेका ग्रहाला वाहिलेला आणि मधला सूर्याचा चौक संपूर्ण उघडा. कल्पना बुद्धिमान आहे, पण ग्रहांचं हे रूपक माहितीपत्रकात जितकं खुलतं तितकं पायांना जाणवत नाही. तरीही ती इमारत जिवंत आहे. तिथे नाटकाची मुलं तालमीआधी आणि तालमीनंतर तासन्‌तास रेंगाळतात, कॉफी पितात, भांडतात. रूपक विसरलं तरी चौक उपयोगी पडतो, हे कोरियांच्या बाजूचंच उदाहरण झालं.

आता मुंबईकडे येऊ. इथे एक विचित्र गोष्ट दिसते. कोरियांची जी इमारत सगळ्यांच्या तोंडी आहे, ती कुणालाच आतून पाहता येत नाही. पेडर रोड भागातली कांचनजंगा, २८ मजले, ८४ मीटर उंची, फक्त ३२ घरं. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, दुपारचं ऊन आणि मुसळधार पाऊसही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय काढला होता. कोरियांनी तो व्हरांडा दोन मजली उंचीचा करून इमारतीच्या कोपऱ्यांत कोरला. कल्पना अफाट आहे, पण ती खाजगी घरांत आहे. रस्त्यावर मान वर करून पाहायची आणि पुढे जायचं. त्यात गैर काही नाही, घर हे घरच असतं.

गैर वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या थांब्यावर रोज हजारो माणसं उतरतात. थांब्याचं नाव त्यांना पाठ आहे, पण ते चर्च सत्तरच्या दशकात चार्ल्स कोरियांनी नव्याने बांधलं आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पोर्तुगीज काळापासून त्या जागी चर्च आहे. नव्या चर्चमध्ये कोरियांनी एकच एक मोठा सभामंडप न करता प्रार्थनेच्या जागा आणि उघडे चौक एकमेकांत गुंफले. वर काँक्रीटची उंच, निमुळती छपरं आहेत. गरम हवा त्यांतून वर निघून जाते आणि खाली गारवा राहतो. मुंबईच्या दमट मे महिन्यात हे शहाणपण अंगाला कळतं. चर्च असल्यामुळे ते उघडंही असतं. शांतपणे आत जाऊन मागच्या बाकावर बसणाऱ्याला कुणी हटकत नाही. कांचनजंगाच्या खाली उभं राहून फोटो काढणाऱ्या वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांनी आधी इथे यावं, असं मला मनापासून वाटतं.

मग बेलापूर. मुंबईच्या पलीकडे, खाडी ओलांडून नवं शहर वसवा, हा प्रस्ताव कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडला होता. त्यातूनच पुढे सिडको आणि नवी मुंबई झाली. तिथल्या सीबीडी बेलापुरात कोरियांनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज वसवलं. सात घरांच्या मध्ये सुमारे आठ मीटरचा एक चौक, अशा तीन गटांच्या मध्ये आणखी मोठा चौक, आणि असं वाढत वाढत ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेपर्यंत. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागलेली नाही, म्हणजे ज्याला जशी ऐपत येईल तसं घर वाढवता यावं. गवंडी आणि सुतार यांनी बांधावीत इतकी साधी, उतरत्या छपरांची घरं.

आज तिथे गेलं तर मूळची घरं मोजकीच दिसतात. बाकीच्यांच्या जागी दोन-तीन मजली, टाइल्स लावलेली, जाळ्या ठोकलेली घरं उभी आहेत. पाहायला आलेले अभ्यासक हळहळतात. मला त्यांची हळहळ पटत नाही. घर वाढवायला मुभा हवी हा कोरियांचाच आग्रह होता आणि लोकांनी ती मुभा वापरली. तिथे जपायला हवेत ते चौक. ज्या गटात चौक मोकळा आहे, तिथे संध्याकाळी खुर्च्या बाहेर येतात, मुलं खेळतात, पापड वाळतात. जिथे चौकात गाड्या लावून जागा गिळली आहे, तिथे मूळचं कौलारू घर जसंच्या तसं राहिलं असतं तरी वस्ती मोडलेलीच वाटली असती. कौलं बदलता येतात. सात घरांनी मिळून राखलेलं आकाश एकदा गेलं की परत मिळवायला सात घरांची संमती लागते.

पुण्यातली आयुका हे या चर्चेतलं सर्वांत नाजूक प्रकरण. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये ही खगोलविज्ञानाची संस्था उभारली आणि वास्तूसाठी कोरियांना बोलावलं. विश्वाचा अभ्यास करणाऱ्यांची इमारत कशी असावी, या प्रश्नाला कोरियांनी काळ्या रंगात उत्तर दिलं. खाली इथलाच काळा बेसॉल्ट, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि सर्वांत वर तुळतुळीत काळा ग्रॅनाइट. भिंतीवरून नजर वर जाते तसा काळा रंग गडद होत जातो आणि शेवटी ग्रॅनाइटमध्ये आकाशाचं प्रतिबिंब दिसायला लागतं, म्हणजे भिंत कुठे संपली ते कळत नाही. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि तेही चौथऱ्यावर चढवलेल्या पुढाऱ्यांसारखे नाहीत. त्यांच्या शेजारून चालत जाता येतं.

आयुका ही संशोधनसंस्था आहे. तिथे रोज सहली सोडा, अशी मागणी कुणी शहाणा माणूस करणार नाही. विचार करणाऱ्याला शांतता लागते. पण संस्थेने यातून काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, दारं सर्वांसाठी उघडतात. शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून इथेच उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका वर्षभर मुलांच्या हातात टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी आणि त्यांतलं विज्ञान देत आली आहे. किती वेळ उघडं ठेवायचं याचं उत्तर प्रत्येक संस्थेचं वेगळं असेल. ते उत्तर विचार करून दिलेलं असावं, पहारेकऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नसावं, एवढंच मागणं आहे.

यावरचा पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी हलका मानत नाही. चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलात विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्यामध्ये कॉर्ब्युझिएंनी एक विशाल पटांगण ठेवलं, नागरिकांनी तिथे यावं म्हणून. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची सचिवालयाच्या दारात स्फोट घडवून हत्या झाली. त्यानंतर कुंपणं आली, तपासणी आली. २०१६ मध्ये हे संकुल जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि आज ते ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाबरोबर, ठरल्या वेळीच पाहता येतं. पटांगण रिकामं असतं. भीती खरी होती, तिला दिलेलं उत्तरही समजण्यासारखं होतं. पण तीस वर्षांनंतर त्या उत्तराचा फेरविचार करायला कुणी बसत नाही, हे समजण्यासारखं नाही. एकदा लागलेलं कुंपण निघत नाही, कारण ते काढण्याची जबाबदारी कुणाच्याच कामात लिहिलेली नसते. भोपाळच्या विधानभवनात कोरियांनी सामान्य नागरिकासाठी वेगळं प्रवेशद्वार आणि चौकांतून प्रेक्षक सज्जाकडे जाणारी वाट आखली. १९९८ मध्ये त्या इमारतीला आगाखान पुरस्कार मिळाला. आज ती वाट किती नागरिकांच्या पायांखाली येते?

याच्या उलट उदाहरण लिस्बनचं. २०१० मध्ये कोरियांनी तिथे शांपालिमो प्रतिष्ठानासाठी कर्करोगावरचं संशोधन आणि उपचार केंद्र बांधलं. जागा बेलें भागातली, टेगस नदी समुद्राला मिळते तिथली. पोर्तुगीज जहाजं इथूनच हिंदुस्थानच्या शोधात निघाली होती, आणि गोव्याच्या घराण्यातला वास्तुरचनाकार तिथे इमारत बांधायला गेला. केंद्र खाजगी प्रतिष्ठानाचं, काम रुग्णांचं आणि प्रयोगशाळांचं. कुंपण घालायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. पण कोरियांनी दोन इमारतींच्या मधून समुद्राकडे जाणारी तिरकी, चढती वाट काढली. चढ असल्यामुळे सुरुवातीला पुढे फक्त आकाश दिसतं, आणि वर पोचल्यावर पाणी. ती वाट शहराची आहे. प्रयोगशाळांची दारं बंद असतात आणि त्यांच्यामधून लोक फिरायला जातात. पणजीत रस्त्यापासून मांडवीपर्यंत जी कल्पना मांडली होती, तीच जवळपास तीस वर्षांनी टेगसच्या काठी पुन्हा आली आहे. बंद ठेवायचं ते बंद ठेवून मधली वाट मोकळी सोडता येते, याला आणखी पुरावा नको.

दुसरा आक्षेप गळतीचा. सपाट काँक्रीटच्या गच्च्या, त्यांवर माती आणि हिरवळ, आणि आपला पाऊस. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. आधुनिक वास्तुरचनेच्या भक्तांनी हे नाकारू नये. या इमारतींना दगडी वाड्यापेक्षा जास्त आणि लवकर निगा लागते. पण निगा न राखता तीस-चाळीस वर्षं ढकलायची आणि मग ‘आता पाडण्यावाचून गत्यंतर नाही’ म्हणायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं, वास्तुरचनाकार राज रेवाल यांचं हॉल ऑफ नेशन्स २०१७ च्या एप्रिलमध्ये पाडलं गेलं. ते वारसा म्हणून जपावं ही मागणी फेटाळताना त्याचं वय साठ वर्षांचंही नाही, हे कारण पुढे आलं. प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्याला तर शंभर वर्षं लागतात. म्हणजे स्वतंत्र भारताने स्वतःसाठी बांधलेलं जवळपास काहीच अजून त्या कायद्याच्या नजरेत भरत नाही. मूर्तीचं वय मोजून तिचा भाव ठरवावा, तशी इमारतीची किंमत ठरवली जाते आणि तोवर ती उभी राहील की नाही, याची हमी कुणी घेत नाही.

कला अकादमीचं पुढे काय झालं, ते याच संदर्भात सांगायला हवं. २०१९ मध्ये तिथला खुला रंगमंच पाडायचा विचार सरकारकडून बोलून दाखवला गेला, तेव्हा गोव्यातले कलावंत, वास्तुरचनाकार आणि सामान्य लोक उठून उभे राहिले. ते पाडणं टळलं. २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी अकादमी बंद झाली, सुमारे पन्नास कोटींचं काम निघालं. ते चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये त्याच खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. रात्रीची वेळ होती म्हणून जीव गेले नाहीत. त्या नोव्हेंबरात अकादमी पुन्हा सुरू झाली, आणि पाठोपाठ ध्वनी, प्रकाशयोजना आणि गळती यांबद्दल रंगकर्मींच्या तक्रारी सुरू झाल्या.

मराठी माणसाला याची झळ लागायला हवी, कारण ही इमारत आपल्या नाटकाचं आणि गाण्याचं घर आहे. तिच्या मोठ्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी गावोगावच्या मंडळांनी इथे नाटकं उभी केली. केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोह इथलाच. त्या नाट्यगृहाच्या बाजूच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले. पंखा घेतलेली जाडजूड बाई, शेजारणीच्या कानाला लागलेली दुसरी, पेंगणारे म्हातारबा. स्पर्धेला गावाकडून आलेल्या मंडळाचा प्रयोग पाहायला मोजकी माणसं असली, तरी नटाला समोर भरलेलं गाव दिसावं, ही त्यातली माया आहे. अशा जागेची दुरुस्ती करताना आधी त्या जागेत आयुष्य घालवलेल्या ध्वनी-तंत्रज्ञांना, नेपथ्यकारांना आणि नटांना विचारायचं असतं. कोसळलेल्या स्लॅबची चौकशी झाली पाहिजेच. पण दुरुस्तीनंतर जे उभं राहिलं त्यात रस्त्यापासून नदीपर्यंतची वाट पूर्वीइतकीच सर्वांची आहे का, याची तपासणी कोणती समिती करते?

तिसरा आक्षेप हळू आवाजात केला जातो: मोकळं सोडलं की ‘नको ते लोक’ येऊन बसतात. कॉलेजची जोडपी, रिकामटेकडे, दुपारची झोप काढणारे. माझ्या मते, हेच लोक यावेत म्हणून ती जागा आहे. आपल्या शहरांत पैसे न देता सावलीत बसता येईल अशी जागा किती उरली आहे? मॉलमध्ये बसायला काहीतरी विकत घ्यावं लागतं, बागा दुपारी बंद असतात, देवळात फार वेळ रेंगाळता येत नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या सांस्कृतिक इमारतीच्या पायरीवर दोन तास बसलेला मुलगा कुणाचं काय घेतो? त्यांतलाच एखादा पोस्टर वाचून संध्याकाळी आत येतो. प्रेक्षक असाच तयार होतो. कुंपणाआडून तो तयार करता येत नाही.

साबरमतीला आता हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा आहे. सुमारे १२०० कोटींच्या पुनर्विकासाचा आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला आणि पाच एकरांत उरलेला आश्रम पंचावन्न एकरांपर्यंत विस्तारण्याची योजना आहे. गांधीवाद्यांनी २०२१ पासून त्याला जाहीर विरोध केला आहे. विस्ताराला माझा सरसकट विरोध नाही. गर्दी वाढली आहे, सोयी हव्यात. कोरियांनी तो चौरसही वाढवता यावा अशाच बेताने घेतला होता. पण मोठ्या प्रकल्पाबरोबर मोठी वाहनतळं येतात, तिकीटघरं येतात, एकदिशा रांगा येतात. रांगेतून ढकलला जाणारा माणूस त्या संग्रहालयाच्या रिकाम्या चौरसात थांबू शकणार नाही. आज तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि कुठूनही कुठेही जाता येतं. आराखड्याच्या नकाशावर ही गोष्ट दाखवायला खूण नसते, म्हणून ती आधी शब्दांत मागून घ्यावी लागते.

तेव्हा ज्यांना कोरिया पाहायचे असतील त्यांनी वास्तुरचनेची यात्रा म्हणून निघू नये. कामासाठी जावं. दादरच्या चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मागे बसावं. पुण्यात २८ फेब्रुवारीला घरातल्या मुलांना आयुकात न्यावं. भोपाळला सोमवार टाळून, दुपार कलत असताना वरून खाली उतरावं. पणजीत मराठी नाट्यस्पर्धेचं तिकीट काढावं, प्रयोगाच्या तासभर आधी पोचावं आणि रस्त्याच्या बाजूने शिरून नदीपर्यंत चालत जावं. वाटेत दोरी बांधलेली दिसली, तर ती कुणाच्या हुकमाने बांधली ते विचारावं, आणि उत्तर अकादमीच्या सदस्य सचिवांकडून लेखी मागावं.